फोनवरून ऑनलाइन परिषदेत पेपर वाचायचाय? आधी आवाज आणि अक्षरं सांभाळा

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या विद्यार्थी परिषदा हल्ली बऱ्याचदा झूम किंवा गुगल मीटवर होतात. ना रेल्वेचं रिझर्व्हेशन, ना लॉजचा खर्च. पण ही ॲप्स बनली ती मुख्यतः ऑफिसच्या मीटिंगसाठी. तिथे मुद्दा कळला की काम भागतं. साहित्याच्या पेपरात मात्र एक शब्द तुटला किंवा एक वेलांटी हरवली तर कधीकधी मुद्दाच हरवतो.

माझी मामेबहीण एम.ए. मराठी करते. तिचा पेपर जात्यावरच्या ओव्यांवर होता आणि हातात फक्त अँड्रॉइड फोन. तिची तयारी करून घेताना जे लक्षात आलं, ते इथे सांगतोय.

सगळ्यात मोठा लोच्या आवाजाचा होता. तिच्याकडे आमच्या आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. ट्रायल कॉलवर तिने ते दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर लावलं. मला आजी तुटक तुटक ऐकू आली आणि जात्याची घरघर तर गायबच! कारण ही ॲप्स माइकमधून येणाऱ्या आवाजातलं माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि एकसुरी चालणारा आवाज ‘नॉइज’ समजून कापतात. पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर यातला फरक त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला कुठून कळणार? लांबवलेला सूरही त्यात बळी जातो. पण ओवीवर बोलताना जातं हाच तर अर्धा पुरावा असतो.

म्हणून रेकॉर्डिंग कधीही स्पीकरवरून माइकमध्ये सोडू नका. ऑडिओ फाइल सत्र चालवणाऱ्यांना आदल्या दिवशी पाठवा आणि ‘कॉम्प्युटरचा साउंड शेअर करून लावाल का?’ असं स्पष्ट विचारा. तो आवाज माइकच्या चाळणीतून जात नाही. स्वतः गाऊन दाखवायचं असेल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय आहे, मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं. दोन्ही सेटिंग्ज आधीच शोधून ठेवा, ऐन वेळी सापडत नाहीत. (ओव्यांवर काम करणाऱ्यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजेच ‘परी’चा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह जरूर पाहावा. त्यात १ लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या आहेत.)

आता अक्षरं. पेपर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलाय? मग तो बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असणार. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त देवनागरीचं सोंग चढवलेलं असतं. ज्या फोनवर तो फॉन्ट नाही तिथे सोंग उतरतं आणि स्लाइडवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पीडीएफ केली तर फॉन्ट सहसा फाइलसोबत जातो, त्यामुळे दिसायला ठीक. पण त्यातली ओळ कॉपी करून चॅटमध्ये टाकलीत की पुन्हा चिवडा. खरा उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करणं. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो. कन्व्हर्टर वापरलात तर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, तेच वापरा. स्लाइड्स शेवटी पीडीएफ करून आयोजकांनाही पाठवून ठेवा.

नेटबद्दल सगळे डाउनलोड स्पीड बघतात. पेपर वाचताना मात्र तुमचा आवाज वर जात असतो, म्हणून अपलोडचा आकडा बघा. झूमच्याच माहितीप्रमाणे नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात. चांगल्या व्हिडिओला ६०० केबीपीएस किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे रेंज डळमळीत असेल तर सुरुवातीला नमस्कारापुरता चेहरा दाखवा आणि मग कॅमेरा सरळ बंद करा. परीक्षकांना वाईट वाटेल ही भीती सोडा, तुटक ऐकू येणं जास्त वाईट.

पेपर चालू असताना फोन आला तर? कॉल अनेकदा माइक ताब्यात घेतो आणि तुम्ही मूक होता. आम्ही जुगाड केला: मामाच्या फोनचा हॉटस्पॉट, आणि तिचा फोन फ्लाइट मोडवर ठेवून फक्त वाय-फाय चालू. वाय-फाय कॉलिंगही बंद करा, नाहीतर कॉल तिथूनही येतो. स्क्रीन शेअर करणार असाल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर फॅमिली ग्रुपवरचं ‘जेवलीस का’ अख्खं सत्र वाचेल. माइकसाठी वायरवाला साधा इअरफोन घ्या. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा बऱ्याचदा घसरतो.

परिषद परदेशातली असेल तर वेळ नीट मोजा. ब्रिटन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. मार्चमधली परिषद असेल तर पाठ केलेल्या फरकावर जाऊ नका, त्या तारखेची वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या शहराचा टाइम झोन निवडून टाका.

सारांश न वाचताच ‘निवड झाली, आता फी भरा’ असा मेल आला तर तिथे पेपर नाही, सर्टिफिकेट विकलं जातंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चॅटवर लक्ष ठेवा. वेळ संपल्यामुळे तोंडी न विचारलेले प्रश्न, पुस्तकांची नावं, कुणाचा ईमेल, सगळं तिथेच येतं. मीटिंग बंद झाली की फोनवरून ते परत सापडणं कठीण, म्हणून अध्यक्ष आभार मानत असतानाच स्क्रीनशॉट काढून घ्या.