'हेअर' की 'हेअर्स'? इंग्रजीत 'एस' कुठे लावायचा, कुठे नाही?

नोकरीच्या अर्जाचा ईमेल तयार आहे. स्पेलिंग फोननेच तपासून दिले. तरीही त्यात 'आय नो मेनी सॉफ्टवेअर्स' किंवा 'वन ऑफ माय प्रोजेक्ट' असे काही राहून गेले, तर वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडखळते. एकवचन-अनेकवचन तर शाळेतच शिकवतात. मग पदवी मिळाल्यावरही ते का चुकते?

शाळेत आपण रूपे पाठ करतो. चाइल्ड-चिल्ड्रन, मॅन-मेन, फूट-फीट. त्यात सहसा कुणी चुकत नाही. खरा घोळ वेगळाच आहे. मराठी ज्या गोष्टी मोजते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी इंग्रजी मोजतच नाही.

मराठी मोजते, इंग्रजी मोजत नाही

आपल्याकडे केस गळतात, म्हणजे अनेकवचन. म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग' तोंडात येते. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच 'हेअर'. हां, आरशात दोन पांढरे केस मोजून दिसले, तर मात्र 'टू ग्रे हेअर्स' बरोबर!

हीच गत उपकरणे, पुरावे, सल्ले आणि बातम्यांची. इंग्रजीत इक्विपमेंट, एव्हिडन्स, ॲडव्हाइस यांना 'एस' लागत नाही. 'न्यूज'च्या शेवटी तो दिसतो, पण तरीही 'द न्यूज इज' असेच म्हणायचे. मोजायचेच असेल तर मध्ये 'पीस' आणा: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ एव्हिडन्स'. सॉफ्टवेअरचेही तसेच. इंजिनीअरिंगवाल्यांच्या रेझ्युमेत सर्रास दिसणारे 'सॉफ्टवेअर्स' आधी खोडा. त्याजागी 'सॉफ्टवेअर टूल्स' चालेल.

'इन्फर्मेशन्स' मात्र कोडेच आहे. मराठीतही आपण 'माहित्या' म्हणत नाही, मग इंग्रजीत तो 'एस' कुठून येतो?

ऑफिसच्या ईमेलमधले 'पेंडिंग वर्क्स'ही खटकते. नेहमीच्या कामाला 'वर्क' पुरे. रस्ते, पूल अशा बांधकामांसाठी 'वर्क्स' चालते, म्हणून पीडब्ल्यूडीच्या पूर्ण नावात ते आहे.

उलटा प्रकारही आहे. मराठीत पँट एक, कात्री एक, चष्मा एक. इंग्रजीत पँट्स, सिझर्स, ग्लासेस ही तिन्ही अनेकवचने, त्यांच्यापुढे 'आर'. एकच दाखवायची तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. आपण मात्र 'एक सॉक्स सापडत नाही' म्हणत इंग्रजी अनेकवचनाचे मराठीत एकवचन करून टाकले आहे. मराठी बोलताना त्यात काही बिघडत नाही.

'पैकी' आठवा

'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक टाळणे सोपे आहे. 'वन' दिसला की हात एकवचनाकडे जातो. अशा वेळी वाक्य मनात मराठीत म्हणा: 'माझ्या मित्रांपैकी एक'. 'मित्रापैकी' कुणी म्हणत नाही. म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. क्रियापद मात्र त्या एकाचे, म्हणजे 'इज'.

अपूर्णांकात मराठी दगा देते. आपण 'दीड वाटी साखर' म्हणतो, वाटी एकवचनीच. इंग्रजीत एकाच्या पुढे थोडे जरी गेले तरी अनेकवचन: 'वन अँड अ हाफ कप्स'. शून्यालाही अनेकवचनच लागते, 'झीरो एरर्स'.

दोन्ही चालतात, तेव्हा?

'डेटा' हे मुळात लॅटिन अनेकवचन. शोधनिबंधांत 'डेटा आर' अजून दिसते, पण रोजच्या वापरात 'डेटा इज' पूर्ण रुळले आहे. क्रिकेटच्या बातम्यांत ब्रिटिश पत्रकार संघाला अनेकवचन लावतात, 'इंडिया आर'. अमेरिकी इंग्रजीत संघ एकवचनी. कोणतेही एक निवडा, पण एकाच मजकुरात दोन्ही नकोत. 'पोलीस'ला ही सूट नाही, तिथे कायम 'आर'. एकटाच असेल तर 'पोलीस ऑफिसर'.

आता जरा लिंक्डइन प्रोफाइल उघडा. तिथे 'आय ॲम ॲन अल्युम्नी' लिहिले असेल, तर ते अनेकवचन आहे. माजी विद्यार्थी एक असेल तर 'अल्युम्नस', विद्यार्थिनी असेल तर 'अल्युम्ना'. 'क्रायटेरिया'ही अनेकवचनच, निकष एकच असेल तर 'क्रायटेरियन'.