टाच दुखते? आधी पायताण पाहा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेस पायांविषयी लिहीत आहोत. त्याला कारण आहे. ऊस नोंदीच्या वेळी प्लॉट दाखवायला आमच्याबरोबर निघालेले कितीतरी सभासद बांधावरच थांबतात आणि म्हणतात, "सायब, तुम्ही व्हा पुढं. टाच टेकू देईना." मालकाचे पाऊल सरीत पडले नाही, तर नांग्या भरायच्या राहतात, पाण्याची पाळी चुकते आणि शेवटी टनेज घटते. म्हणून हा विषय आम्ही ऊस विकासाचाच मानतो.

आमचाही अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला, की टाचेत खिळा ठोकल्यावानी कळ यायची. दहा-वीस पावले चालले की कमी व्हायची, संध्याकाळी पुन्हा सुरू. 'वात असेल' म्हणून सहा महिने काढले. कोणी सांगितले म्हणून बिब्ब्याचा चटकाही घेतला. फोड आले, दुखणे तसेच राहिले. शेवटी डॉक्टरांनी पायाच्या आधी आमची चप्पल उचलून पाहिली. टाचेकडची बाजू घासून पापडासारखी पातळ झाली होती!

दुखणे कशाचे?

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान हे धनुष्य मानले, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. प्रत्येक पावलाला तिच्यावर ताण येतो. तासन् तास उभे राहणे, अंगाचे वजन वाढणे, पोटऱ्या आखडणे आणि सपाट, कडक किंवा झिजलेले पायताण, यांमुळे ही दोरी टाचेजवळ दुखावते. रात्री ती आखडते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणली जाते, म्हणून तेव्हाच कळ जास्त.

आपल्या भागात याला कारणांची कमतरता नाही. गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते, तर उन्हाळ्यात तिचीच ढेकळे दगडासारखी होतात. तोडणी झालेल्या फडात बुडखे टोचतात. ऊसतोड मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढतो, तेव्हा मोळीचा भारही त्याच्या तळपायावरच येतो. आणि आमच्या माय-भगिनी फरशीवर दिवसभर अनवाणी उभ्या असतात. त्यांची टाच दुखते हे घरात कोणी विचारतही नाही.

एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' असे कळले की माणूस घाबरतो. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांच्या टाचेतही असे वाढलेले हाड सापडते. वाढलेले हाड दिसले म्हणजे ऑपरेशनच करावे लागते, असे मुळीच नाही. बहुतेकांचे दुखणे पायताण, व्यायाम आणि थोडी विश्रांती यांनी काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बरे होते. मात्र धीर धरावा लागतो.

पायताण पारखावे कसे?

बेणे घेताना आपण डोळे पाहतो, कांड्याचे वय पाहतो, रोग-कीड पाहतो. पायताण मात्र दुकानात पाच मिनिटांत घेतो. यापुढे असे पारखून घ्यावे :

१. दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावे. ते बोटांच्या सांध्यापाशी वाकावे. मधोमध घडी होत असेल किंवा ओल्या फडक्यासारखे पिळले जात असेल, तर घेऊ नये.

२. टाचेखाली अंगठ्याने दाबावे. थोडे दबून पुन्हा वर आले पाहिजे. नुसता लुसलुशीत फोमही कामाचा नाही. तो लवकर बसतो आणि आधार राहत नाही.

३. टाच पुढच्या भागापेक्षा साधारण बोटभर उंच असावी. अगदी सपाट नको आणि उंच टाचही नको.

४. आत कमानीखाली हलकासा उंचवटा असावा. बुटाची मागची भिंत घट्ट असावी. चप्पल घ्यायची तर मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. नुसती अंगठ्याची चप्पल धरून ठेवताना बोटे आखडतात.

५. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसाकाठी पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांत घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. घरच्या कारभारणीसाठी आणायचे असेल तर तिलाच दुकानात न्यावे. नंबर सांगून आणलेले पायताण बहुधा चुकते.

'ऑर्थो' असे नुसते छापले म्हणून माल चांगला ठरत नाही. वरील कसोट्या लावाव्यात. कोल्हापुरी चप्पल कातडी, हवेशीर आणि टिकाऊ असते, पण तळ सपाट व कडक. दुखणे असेपर्यंत ती लग्नकार्यापुरती ठेवावी. फडात मात्र बंद बूटच हवेत. बुडख्यांपासून आणि साप-विंचवापासूनही राखण होते. घालण्यापूर्वी ते झटकून पाहावेत. फरशीवर वावरताना घरापुरता एक वेगळा, स्वच्छ जोड वापरावा. देवघराबाहेर तो काढून ठेवला की झाले. आषाढीला पायी जाणाऱ्यांनी नवा जोड दिंडीच्या पहिल्या दिवशी काढू नये, महिनाभर आधीपासून वापरून मुरवावा.

घरचा व्यायाम

सकाळी खाटेवरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून सावकाश तीस आकडे मोजावेत. असे तीन वेळा. मग भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणावी. संध्याकाळी गार पाण्याची बाटली तळपायाखाली पाच-दहा मिनिटे फिरवावी. विटेवर रुईची पाने ठेवून शेक घेण्याची रीत आपल्याकडे आहे. सोसेल इतका शेक घ्यायला हरकत नाही. बिब्बा मात्र नको. त्याने कातडी भाजते.

मधुमेही सभासदांना विशेष सूचना

साखरेच्या आजारात पाय बधिर होतो, खडा टोचला तरी कळत नाही. अशांनी शेक घेऊ नये, घरातही अनवाणी फिरू नये, घालण्यापूर्वी पायताणात हात घालून पाहावा आणि रोज रात्री तळवे तपासावेत. बधिर पायांसाठी एमसीआर नावाच्या मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला मिळतात. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात रुग्णांना त्या मोफत देतात. मधुमेहींनाही त्या उपयोगी पडतात. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाय बधिर असेल, सूज, जखम किंवा ताप असेल, पडल्यामुळे दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर घरगुती उपाय न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे. दीड-दोन महिने नेमाने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तरीही दाखवावे.

आम्ही ती झिजलेली चप्पल टाकली, टाचेला आधार देणारे बूट घेतले, रोज व्यायाम केला. चार महिन्यांनी सकाळचे पहिले पाऊल बिनकळ पडले. त्या हंगामात पुन्हा प्रत्येक सरीत उतरलो.

तरी सर्व सभासदांनी आज घरी गेल्यावर सगळ्यांची पायताणे उलटी करून तळ पाहावेत. टाचेची बाजू झिजली असेल, तर नवा जोड घ्यावा, आणि आधी तो घरातल्या लक्ष्मीसाठी घ्यावा. पुढच्या नोंदीला बांधावर थांबू नका, सरीत आमच्याबरोबर चला.

आपला,
ऊस विकास अधिकारी