सावकाश तरंगणारं तेल

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. आरोग्य पुरवणीसाठी ‘अरोमाथेरपी आणि चंदनतेल’ हा विषय ठरला होता, शीर्षकात ‘मनःशांती’ हा शब्द हवा होता आणि मजकूर त्याखाली बसवायचा होता. घरात भेट आलेली दहा मिलिलिटरची एक बाटली होती. हुंगून पाहिली. वास बरा होता. पण आजी सहाणेवर खोड उगाळायची तेव्हा घरभर पसरायचा तो हा नव्हता. तेवढं खटकलं म्हणून म्हैसूरची गाडी धरली.

इतिहास थोडक्यात उरकते. टिपू सुलतानाने 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढे राज्य बदललं, मक्तेदारी तशीच राहिली. लाकूड परदेशी जायचं, तेल मुख्यतः जर्मनीत निघायचं. अत्तरांइतकीच मागणी औषधवाल्यांची होती, कारण प्रतिजैविकं येईपर्यंत परम्यावर चंदनतेलाच्या कुप्या गिळायला देत. (ही माहिती पुरवणीत चालणार नाही, असं संपादकांनी नंतर कळवलं.) पहिलं महायुद्ध पेटलं आणि माल वखारीत अडकला. गादीवर नाल्वडी कृष्णराज वडियार होते आणि दिवाण होते विश्वेश्वरय्या, म्हणजे पुण्यात इंजिनिअर झालेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारेच. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढायची रीत बसवून दिली. 1916 साली बंगळुरात आणि 1917 साली म्हैसुरात सरकारी कारखाना सुरू झाला. पुढे याच तेलातून आलेल्या साबणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

मला पाहायची होती भट्टी. ती पाहिली म्हैसूरपासून थोड्या अंतरावर, एका लहानशा खासगी जागेत. मालकांनी नाव छापू नका म्हटलं. चंदन असलेल्या जागेचा पत्ता कोणीच छापू देत नाही.

चंदनाचं झाड इतर झाडांसारखं बुंध्याशी कापत नाहीत. खणून मुळासकट काढतात, कारण तेलाचं प्रमाण सगळ्यांत जास्त मुळांत असतं. मग वाकसाने बाहेरचं पांढरं, बिनवासाचं लाकूड तासून टाकायचं आणि पिवळसर तपकिरी गाभा तेवढा ठेवायचा. या गाभ्याच्या जुन्या सरकारी प्रतवारीतली नावं मी वहीत उतरवून घेतली: विलायत बुद, चायना बुद, पंजाम, गोटला, बगरदाद, जाजपोकल, बसोला बुकनी. जाजपोकल म्हणजे आतून पोकळ ओंडके आणि बुकनी म्हणजे आपली बुकणीच. तासताना उडालेली धूळसुद्धा प्रत म्हणून मोजली जाते, फेकली जात नाही.

गाभ्याच्या ढलप्या करून त्यांची भरड दळतात आणि उंच टाकीत भरून खालून वाफ सोडतात. वाफ तेल घेऊन वर निघते, थंड नळ्यांमधून जाताना तिचं पाणी होतं आणि तेल-पाणी एकत्रच बाहेर येतं. गुलाबाला, वाळ्याला हीच रीत. फरक वेळेचा. चंदनाच्या वासाचा जीव ज्यात आहे ती सँटॅलॉल नावाची अल्कोहोलं 300 अंशांच्या आसपास उकळणारी. वाफेच्या सोबतीने ती शंभर अंशांखालीही निघतात, पण कणाकणाने. आधी येतात ती हलकी, लाकडाच्या भुशाचा वास असलेली द्रव्यं. सँटॅलॉल मागून, नाइलाजाने आल्यासारखं. एक घाणा दोन-तीन दिवस चालतो, कधी त्याहून जास्त. वाफेचा जोर वाढवला तर काम लवकर होतं आणि तेलाला करपट वास लागतो.

मी रमले ते टाकीपाशी नाही, नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यापाशी. तिथे एक साठीचे गृहस्थ स्टुलावर बसून होते. तेल पाण्यावर तरंगतं हे आपण शाळेत शिकतो, पण चंदनतेलाची घनता जवळजवळ 0.97. पाण्याहून नावापुरतंच हलकं. ते तरंगायलाही तयार नसतं. दुधाळ पाण्यात बारीक थेंब लोंबकळत राहतात, एकमेकांना चिकटायला वेळ लावतात आणि मग कधीतरी वर फिकट पिवळा पापुद्रा धरतो. म्हणून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि उरलेलं पुन्हा टाकीकडे. पाणी फार थंड होऊ द्यायचं नाही, नाहीतर तेल घट्ट होतं. यासाठी त्यांच्याकडे थर्मामीटर होता, तरी ते भांड्याला तळहात लावून पाहत. मी दोनदा विचारलं की अजून किती वेळ. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “जल्दी नै होता, मॅडम,” आणि पळीने पापुद्रा अशा हळुवारपणे उचलला की खालचं पाणी हललंही नाही. पळीतलं तेल मधासारखं दाट होतं. त्याचा एक थेंब माझ्या मनगटावर टेकवला. हॉटेलवर आंघोळ केली, रात्र गेली, सकाळी तो तिथेच होता. आजीच्या सहाणेचा वास.

आता अरोमाथेरपी, कारण मानधन त्याचं आहे. हा शब्द रने-मोरीस गातफॉसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा; त्याचं या नावाचं पुस्तक 1937 चं. चंदनतेल तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात दोन-चार थेंब मिसळून मालिशला वापरतात किंवा डिफ्यूजरमध्ये घालतात. थेट कातडीवर लावू नये, पिऊ तर नयेच. त्याने मन शांत होतं, असं प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं. मात्र 2006 साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी माणसांना हे तेल हुंगायला दिलं, तेव्हा ती निवांत होण्याऐवजी अधिक सजग झाल्याचं दिसलं. मला हे पटतं. कीर्तनाला बसण्याआधी कपाळावर गंध लावतात ते झोप यावी म्हणून नव्हे. जर्मनीत 2014 मध्ये आपल्या त्वचेतच चंदनवासाला प्रतिसाद देणारी ग्राही सापडली, ती बातमी तेलविक्रेते आवडीने सांगतात. प्रयोगातला वास कृत्रिम रसायनाचा होता, एवढंच सांगायचं राहतं.

बाटलीत काय असतं, हा वेगळा प्रश्न. आंतरराष्ट्रीय मानकानुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सँटॅलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा 16 ते 24 टक्के हवं. ‘वेस्ट इंडियन सँडलवुड’ नावाने मिळतं ते अमायरिस, लिंबाच्या कुळातलं. रक्तचंदनाचं सुगंधी तेल निघत नाही, तरी तेही विकलं जातं. बाटलीवर भारतीय चंदनाचं शास्त्रीय नाव ‘सँटलम आल्बम’ लिहिलेलं नसेल तर पैसे परत खिशात घाला. लिहिलेलं असेल आणि किंमत खोबरेल तेलाची असेल, तरीही.

कारण माल आहे कुठे? चंदन अर्धपरजीवी, शेजारच्या झाडाच्या मुळांत मुळं खुपसून वाढणारं. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं, चांगल्या तेलाला तीस. रानातल्या झाडांना स्पाइक रोगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोखरलं. खासगी जमिनीतलं झाडसुद्धा सरकारचं असल्याने शेतकरी रोप दिसताच उपटत. कर्नाटकाने 2001 मध्ये मालकी जमीनदाराला दिली, तोवर रानं ओकी झाली होती. आज ऑस्ट्रेलियाच्या कनुनुरा भागात भारतीय चंदनाचे मोठे मळे आहेत. आपल्याकडे लागवडीच्या जाहिरातींत बारा वर्षांत कोटी रुपये पिकतात. राखण कोण करणार, ते जाहिरातीत नसतं.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कंपाउंडला लागून एक चंदन होतं, कोणी न लावलेलं, बुलबुलांनी आणलेलं. म्हैसूरहून परतले त्याच महिन्यात, एका पावसाळी रात्री, करवतीने ते जमिनीलगत कापून नेलं. वॉचमनला आवाज आला नाही. पोलिसांनी पंचनामा केला. पुढच्या रविवारी सोसायटीने खोड आणि मुळं जेसीबीने उपटून राडारोड्याच्या ट्रकमध्ये टाकली, तिथे आता दुचाकी लागतात. चोरांनी नेलं त्यापेक्षा जास्त तेल त्या ट्रकमध्ये गेलं असेल.