गावानं राखलेलं चर्च

आमच्या वणी-यवतमाळकडच्या माणसाला ख्रिस्ती मिशन म्हटलं की नागपूरचे स्टीफन हिस्लॉप आठवतात. ते नागपुरात आले १८४०च्या दशकात. वसईत त्याच्या जवळपास तीनशे वर्षं आधीच चर्च बांधायला सुरुवात झाली होती. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन असे ख्रिस्ती धर्मगुरूंचे संघ आले.

सहलीला जाणारे किल्ला पाहून परततात. तिथल्या सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भिंतीत एक शिलालेख आहे. आर्चबिशप मेनेझिसच्या काळात, १६०१ साली चर्चची पुनर्बांधणी झाल्याचं त्यात कोरलंय. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या फरशा लागतात. आत उभं राहून वर पाहा. भाविक बसत त्या लांब दालनावर लाकडी छत होतं, ते पार गेलं. वेदीवर दगडी कमान वळवलेली होती, ती बरीचशी टिकली. एकाच इमारतीत दोन तऱ्हेची छतं का, हे कुठल्याही पाटीपेक्षा हे पडकं दालनच जास्त नीट समजावतं. रुंद दालनावर दगडी कमान वळवायची तर तिचा रेटा पेलायला भिंती फार जाड घ्याव्या लागतात. लाकडात काम स्वस्तात होई.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातल्या चर्चना वाली उरला नाही. घंटा मराठा सरदारांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि मेणवलीच्या घाटावरची, या त्यांतल्याच. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियाही आहे.

आसपासच्या गावांतल्या चर्चचं तसं झालं नाही. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३चं, माणिकपूरचं सेंट मायकल १६०६चं. दोन्ही आजही नांदती आहेत. पोर्तुगीज पाद्री गेल्यावर इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी गाडा ओढला. बारसं, लग्न, मयत यांसाठी गावाला चर्च लागतच होतं. त्यामुळे माझ्या मते वसईचा खरा वारसा किल्ल्यात नाही, या धर्मग्रामांत आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मुलखातले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीच्या कृपामातेच्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला.

नांदत्या इमारतीला एक धोका असतो. ती वाढते, रंगते, तिला फरशी बसते. जुनं किती उरलं ते पाहायला नजर लागते. सगळ्यात वाईट सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि चुन्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि पोपडे सुटतात. दुरुस्ती काढणाऱ्या गावांनी, मग ते चर्च असो की आपल्याकडचं हेमाडपंती देऊळ, आधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा. रंगाचं नंतर बघता येईल.