गेममधला खेळाडू 'आपला' कसा होतो?

व्हिडिओत 'फुटबॉल मॅनेजर'चा विषय काढला आणि वेळेअभावी अर्धवटच सोडला. तो इथे पूर्ण करतो.

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी हा गेम घरी बसून तयार केला. 1992 साली तो 'चॅम्पियनशिप मॅनेजर' नावाने बाजारात आला. यात तुम्ही बॉलला पाय लावत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर! खेळाडू घ्यायचे, पगार ठरवायचे, संघ निवडायचा आणि मग नुसतं बघत बसायचं. तेही काय, सुरुवातीची बरीच वर्षं मॅच दिसायचीच नाही, समालोचनाच्या ओळी तेवढ्या यायच्या. मैदान आपण डोक्यात रंगवायचं.

गंमत इथेच आहे. गेममध्ये आधी लिहिलेली गोष्ट नसते. वेग, पासिंग, जिद्द असे आकडे असतात. पण समजा, तुम्ही तळाच्या लीगमधला क्लब घेतलात. तिजोरी रिकामी, म्हणून नाइलाजाने 17 वर्षांचा पोरगा उतरवलात आणि त्याने शेवटच्या मिनिटाला गोल मारला. झालं! 'मीच ओळखलं होतं याला', असं तुम्ही चारचौघांत सांगणार. दोन सीझननंतर मोठा क्लब त्याला मागायला आला, की विकताना जीव तुटणार. निर्णय तुमचा, धाकधूक तुमची, म्हणून आठवणही तुमची. मित्राने तोच क्लब घेतला तरी त्याची गोष्ट वेगळी होते.

2001 च्या आवृत्तीत डर्बी काउंटी क्लबचा टॉन्टन झोला मुकोको नावाचा तरुण खेळाडू होता. गेममध्ये भलताच भारी! प्रत्यक्षात डर्बीच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. तरी तेव्हाचे खेळणारे अजून त्याचं नाव काढतात.

2003 मध्ये भावांची कंपनी आणि प्रकाशक वेगळे झाले. गाजलेलं नाव प्रकाशकाकडे गेलं, कोड आणि खेळाडूंची माहिती भावांकडे राहिली. पुढच्याच वर्षी 'फुटबॉल मॅनेजर' या नव्या नावाने गेम आला, आणि टिकला तो हाच.

आता तुमच्या धंद्याकडे या. पॉइंट्स आणि कूपन वाटणं मी यात धरत नाही, ते कुणीही वाटतं. केक विका, सहली काढा, कुंड्या विका, पण ग्राहकाने स्वतः ठरवावं आणि निकालाची वाट बघावी, अशी जागा तुमच्याकडे कुठे आहे? एक तरी शोधून वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.