ओढ्यात काय नाही, हे कशावरून कळतं?

मंडळी, गेल्या वेळी आपण ‘अनुपलब्धि’ या प्रमाणापाशी थांबलो होतो. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, तो न आढळणं हेच प्रमाण. पण एक अट आहे: घडा असता तर तो दिसायला हवा होता. अंधारात दिसला नाही, एवढ्यावरून ‘नाही’ म्हणता येत नाही. आज ही अट बरोबर घेऊन आपण एका ओढ्याकाठी जाऊ.

मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधल्या कोळशात गंधक बरंच असतं. त्यातलं काही पायराइटमध्ये, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजात, बांधलेलं असतं. जमिनीखाली ते निवांत असतं. खाण खणली की त्याला हवा-पाणी लागतं आणि गंधकाम्ल तयार होतं. काही जिवाणू ही क्रिया फार वेगाने घडवतात. हे पाणी ओढ्यांना मिळतं. तिथल्या काही ओढ्यांचा सामू ४ च्याही खाली नोंदला गेला आहे. सामू ६ वरून ४ वर आला, की आम्लता शंभरपट वाढली असं समजायचं.

आता गंमत बघा. असं पाणी पुष्कळदा नितळ दिसतं. वरून पाहणारा म्हणेल, काय स्वच्छ पाणी आहे! खरी हकिगत दगडाखाली असते. निरोगी ओढ्यातला दगड उलटला, की मेफ्लाय या कीटकाची पिल्लं सैरावैरा पळतात. आम्लपाण्यात बहुधा तीच आधी नाहीशी होतात. कारण गोड्या पाण्यातल्या किड्याला अंगातलं मीठ सतत राखावं लागतं. आम्ल वाढलं की शरीरातलं सोडियम निसटतं आणि ते पुन्हा ओढून घेणं जड जातं. विरघळलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. पुढे आम्ल सौम्य झालं, की लोहाचा नारिंगी गाळ दगडांवर बसतो. फटी बुजतात, शेवाळ दबतं. काही चिवट माश्यांच्या अळ्या मात्र तिथेही भरपूर वाढतात. म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही.

आणि इथे आपली अट येते. मेफ्लाय सापडले नाहीत, एवढ्याने खाणीला दोष देता येईल का? कदाचित त्या ऋतूत पंख फुटून ते उडून गेले असतील. कदाचित आपल्याच जाळीची भोकं मोठी असतील. म्हणून अभ्यासक खाणीचं पाणी मिळण्याआधीचा, वरचा प्रवाहही तपासतात. त्याच दिवसांत, त्याच जाळीने. तिथे आहेत आणि इथे नाहीत, असं दिसलं की या ‘नाही’ला वजन येतं. सामू मोजणारं यंत्र त्या क्षणापुरतं बोलतं. पिल्लं पाण्यात कित्येक आठवडे, काही तर वर्षभर काढतात. काल रात्री आम्लाचा लोंढा येऊन गेला असेल, तर त्याची साक्ष त्यांची गैरहजेरी देते.

२०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मेघालयातल्या उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींवर बंदी घातली. पण उघड्या पडलेल्या पायराइटला बंदीहुकूम वाचता येत नाही. सोडून दिलेल्या खाणीतूनही आम्ल वर्षानुवर्षं झिरपत राहतं. तेव्हा ‘खाण बंद झाली’ आणि ‘ओढा बरा झाला’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं कागदावर तपासता येतं. दुसऱ्यासाठी आपल्याला पाण्यात उतरून दगड उलटावा लागेल.