घाम कोठे जातो? : शीतजलातील पाणबुड्याचे अंतर्वस्त्र

६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे जहाज भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम घेऊन निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील ती एकवीस जणांची तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिममय भूमीवर पोहोचली. आज आपल्या वास्कोतील हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांची व्यवस्था पाहते. ज्या गावी दुपारी सुती सदराही अंगास चिकटतो, त्याच गावाचा ध्रुवप्रदेशाशी असा निकटचा संबंध जडावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. आपल्यापैकी अनेकांचा व्यवसाय कापडाचा. तेव्हा अतिशय थंड पाण्यात उतरणाऱ्या मनुष्याने अंगालगत कोणते कापड घालावे, हा प्रश्न आपणांस अगदीच परका मानता येणार नाही.

अशा पाण्यात पाणबुडे ‘ड्रायसूट’ नावाचा पोशाख घालतात. त्याची मान व मनगटे रबरी पट्ट्यांनी घट्ट बंद केलेली असल्यामुळे बाहेरचे पाणी आत शिरत नाही आणि आत हवेचा थर राहतो. बाहेरचे कवच पाणी अडवते, परंतु ऊब देण्याचे काम मुख्यतः आतल्या कपड्यांचे असते. हे कपडे साधारणतः दोन थरांचे असतात : अंगालगत एक पातळ वस्त्र व त्यावर जाड, उबदार झगा. प्रस्तुत विचार त्या पातळ वस्त्राचा आहे.

कोणी म्हणेल की पाणी आत येतच नाही, तर अंगालगत काहीही घातले म्हणून काय बिघडले? येथेच खरी मेख आहे. बाहेरचे पाणी अडविणारे कवच आतला घामही अडविते. जड साहित्य वाहताना व पोशाख चढविताना पाणबुड्याला काठावरच घाम सुटतो. मग तो उणे १.८ अंशांपर्यंत द्रवरूप राहणाऱ्या समुद्रात उतरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ओले कापड त्वचेला चिकटून राहिले, तर बाहेरच्या समुद्राने जे साधले नाही ते आतला घाम साधतो. हातपाय बधिर होतात, बोटे झडपा हाताळण्यास असमर्थ ठरतात आणि प्राणावर बेतू शकते.

सामान्य ग्राहक अशा वेळी सुती गंजीफ्रॉक मागतो, कारण ‘सूत घाम शोषते’ हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तो खोटाही नाही. समईतील कापसाची वात तेल वर ओढते तेही सुताच्या याच गुणाने. परंतु वातीच्या टोकाला ज्योत असते, ती तेल संपवीत जाते, म्हणून वात पुढे ओढत राहते. बंद पोशाखात ज्योत नाही आणि वाराही नाही. तेथे सुताचा तंतू स्वतःच पाणी पिऊन फुगतो व ते धरून बसतो. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडे सूत सुमारे ८ ग्रॅम ओल धरते, लोकर सुमारे १६ ग्रॅम, पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, तर पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच नाही. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीत नाही. घाम तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून केशाकर्षणाने बाहेरच्या थराकडे सरकतो आणि शेवटी कवचाच्या थंड आतल्या बाजूस दवासारखा जमतो. म्हणून ‘किती शोषते?’ यापेक्षा ‘घाम कोठे जातो?’ हाच विचारण्याजोगा प्रश्न होय.

लोकर ओलसर असताही बरीच ऊब राखते, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. रेशमाची अंतर्वस्त्रेही मिळतात. परंतु नेहमीच्या रेशमासाठी कोशातील जीव उष्णतेने मारले जातात आणि काही ठिकाणी मेरिनो मेंढ्यांच्या अंगावरील कातडीच्या घड्या कापून काढण्याची क्रूर रीत आहे. अहिंसाव्रती ग्राहकाला या गोष्टी सांगणे हे आपले कर्तव्य आहे. चांगल्या कृत्रिम तंतूचे वस्त्र हे काम उत्तम करीत असल्यामुळे येथे धर्म आणि सुरक्षितता यांत विरोध येत नाही.

निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. वस्त्र अंगाबरोबर बसणारे असावे, कारण सैल कापडात घाम पुढे सरकत नाही आणि खोलवर दाब वाढला की घड्यांचे वळ त्वचेवर उठतात. शिवणी सपाट असाव्यात. गळा व बाह्या रबरी पट्टीखाली कदापि जाऊ नयेत. जे कापड घाम बाहेर ओढते तेच तेथून समुद्राचे पाणी आत ओढील! दूषित पाण्यासाठी उष्ण प्रदेशातही असा पोशाख वापरतात. त्या वेळी हे पातळ वस्त्र एकटेच पुरे होते. धुताना कापड मऊ करणारी रसायने वापरू नयेत, कारण त्यांचा लेप घाम वाहण्यास अडथळा करतो. पॉलिप्रॉपिलीनला इस्त्री लावू नये, ते सहज वितळते.

दुकानात परीक्षा सोपी आहे. सुती गंजीफ्रॉकवर आणि पॉलिएस्टरच्या वस्त्रावर पाण्याचा एकेक सारखा थेंब टाकावा व कोणते आधी कोरडे होते ते ग्राहकाला दाखवावे. मिश्र सुताचा माल ‘घाम वाहून नेणारा’ म्हणून खपविणे सोपे आहे, कारण बर्फाळ पाण्यात उतरेपर्यंत ग्राहकाला फरक कळत नाही, आणि कळतो तेव्हा तक्रार करावयास दुकान जवळ नसते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. एक माल दुसऱ्याच्या नावाने विकणे हा त्याचाच प्रकार. कापडावरील चिठ्ठीत काय लिहिले आहे ते वाचून, तेवढेच खरे सांगून माल देणे, यातच व्यापाऱ्याची प्रतिष्ठा आणि कोण्या अनोळखी पाणबुड्याचे प्राण, दोन्ही सुरक्षित राहतात.